बॉनेट न उघडता

"दाब!" बॉनेटखालून हुकूम आला.

सिस्टरांनी बटण दाबलं, आणि गाडीचा हॉर्न जो कोकलायला लागला तो थांबेचना. समोरच्या गच्चीत पेपर वाचत बसलेले बँकेचे मॅनेजर दचकून उभे राहिले, दोन घरं सोडून कोणाचं तरी झोपलेलं तान्हं उठलं, आणि त्या सगळ्या कल्लोळातही ट्रेसरसाहेबांचं डोकं पत्र्यावर आपटलेलं स्वच्छ ऐकू आलं.

"अगं सोड! सोड म्हणतो ना!"

"सोडायला ते काय धरून ठेवायचं बटण आहे? खाली केलं की खाली, वर केलं की वर. तुम्हीच बाथरूममधून काढून आणलंय."

हे खरं होतं. बाथरूमच्या दिव्याचं ते जुनं काळं बटण आता गाडीत, स्टिअरिंगच्या शेजारी, दोन स्क्रूंवर विराजमान झालं होतं, आणि घरात कालपासून दार किलकिलं ठेवून आंघोळी चालल्या होत्या. सिस्टरांनी ते वर केलं. हॉर्न थांबला.

"पंखा बसवताय की भोंगा?" मॅनेजरांनी वरून विचारलं.

"एक तार इकडची तिकडे झाली," ट्रेसरसाहेब टाळू चोळत म्हणाले. "मोठ्या कामात असं व्हायचंच."

सिस्टरांनी सरकारी दवाखान्यात अख्खी नोकरी वॉर्डात उभ्याने काढली होती. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या देखत जन्मली, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. यजमान ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. इंजिनिअरने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि रेघ न् रेघ गिरवायची, एवढंच त्यांनी जन्मभर केलं. हात इतका सरळ की त्यांनी गिरवलेला पूल मूळ पुलापेक्षा देखणा दिसे. पण त्यात स्वतःच्या मनाने एक टिंब टाकायची मुभा नव्हती. निवृत्त झाल्यावर ती सगळी राहून गेलेली टिंबं घरातल्या वस्तूंवर पडू लागली. त्यांनी दुरुस्त केलेली इस्त्री भिंतीकडे तोंड करून धरली तरच तापे. मिक्सर लावला की रेडिओ आपोआप बंद पडे. "आमच्याकडे प्रत्येक वस्तू चालते," सिस्टर शेजारणीला सांगत, "फक्त तिची मनधरणी करावी लागते."

गाडीची मनधरणी मात्र आजवर कोणालाच जमली नव्हती. गाडी जुनी. तिचा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरायचा. इंजिन जोरात असलं की पंखा जोरात, आणि गर्दीत किंवा चढावर, जेव्हा वाऱ्याची खरी गरज, नेमका तेव्हाच तो पेंगायचा. मग पाणी उकळे, नाकातोंडातून वाफ निघे, आणि साहेब रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून, हातात पाण्याचा डबा घेऊन उभे राहत. सिस्टरांकडे तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायचं काम होतं. लग्न झाल्यापासून त्या दोघांनी जेवढा प्रवास केला, त्यातलं बोलणं बहुतेक असंच होतं.

"काटा?"

"अर्ध्यावर."

"आता?"

"अर्ध्याच्या वर."

"आता?"

"आता बघण्यासारखं काही राहिलं नाही. थांबवा."

तरी हे सगळं चाललं असतं. माणसाला सवय झाली की कशाचंही काही वाटत नाही. पण मध्ये ताई आली.

ताई म्हणजे सिस्टरांची थोरली बहीण, घाटापलीकडच्या गावात राहणारी. शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि घरीही तिने ते पद कधी सोडलं नाही. तिच्या निवृत्तीचा समारंभ तिच्याच अंगणात होता. मांडव भरलेला, ताई माइकवर भाषणाला उभी, आणि फाटकातून ही गाडी फुसफुसत, स्वतःच्याच ढगात गुरफटून आत आली. ताईने भाषण थांबवलं. माइक तोंडाशीच होता.

"या भावोजी," ती म्हणाली. "पण चहा आम्ही आत केलाय हो. किटली घेऊन यायची काही गरज नव्हती."

अख्खा मांडव हसला. शाळेतली पोरं तर बाकांवरून खाली पडली. ट्रेसरसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी गाडीचं दार लावलं आणि सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "ताई, आता पुन्हा येईन तो याच गाडीने येईन, आणि वाटेत एकदाही बॉनेट न उघडता येईन. तोवर तुमच्या चहाला मी शिवणार नाही."

"चालेल," ताई म्हणाली, तेही माइकमध्येच. "तेवढीच साखर वाचेल."

दोन हट्टी माणसांच्या भांडणात मधल्या माणसाचं काय होतं ते सिस्टरांना विचारावं. साहेबांनी घाटाचं नाव टाकलं. ताई म्हणे, त्यांची किटली माझ्या दारात येईपर्यंत मी का म्हणून येऊ? एसटीत बसलं की सिस्टरांना पहिल्या वळणालाच मळमळायला लागे. आणि समजा तोंडात लिंबू धरून गेल्या असत्या एकट्या, तर ते नवऱ्याचा पक्ष सोडल्यासारखं झालं असतं. नाही जावं तर बहिणीचा सुटतो. मग रोज संध्याकाळी फोन. ताई भाजीच्या भावापासून गावातल्या भानगडींपर्यंत सगळं बोले, आणि शेवटी विचारी, "काय ग धाकटे, किटली थंड झाली का?" वर्षं अशीच गेली. फोनवर आवाज तोच राहतो, त्यामुळे माणूस म्हातारं झालेलं कळत नाही.

आणि गेल्या आठवड्यात ताई सहज सांगावं तसं म्हणाली, "घर विकलं ग. मुलगा न्यायला आलाय. रविवारी दुपारी निघते. कायमची. या म्हणून मी कोणाला सांगत नाही, ज्यांना यायचं ते येतील."

मुलगा समुद्रापलीकडे राहायचा, विमानाने सुद्धा एक दिवस लागे. ताईचं वय, आपलं वय, सिस्टरांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांना कळलं की आता भेट झाली तर झाली. त्या जेवल्या नाहीत. "मी एसटीने जाऊन येते," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब भंगार बाजारातून घरी आले ते काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. ते कुठल्याशा मोठ्या गाडीचा विजेवर चालणारा पंखा होता. हा इंजिनच्या मर्जीवर फिरत नाही, बटण दाबलं की पूर्ण जोरात, गाडी उभी असली तरी. नवऱ्याला असल्या वेळी धड दोन शब्द बोलता येत नाहीत, तो पंखा आणतो, हे सिस्टरांना ठाऊक होतं. त्यांनी मुकाट्याने बाथरूमचं बटण काढू दिलं.

साहेबांनी आधी नकाशा काढला. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, तिथून पंखा, लाल रेघ लाल शाईत, निळी निळ्या शाईत. असा सुरेख की भिंतीवर लावावा. अडचण एकच आली. पंखा होता रेडिएटरच्या मागे बसायचा, आणि मागे जागा नव्हती. म्हणून त्यांनी तो जाळीच्या आत, रेडिएटरच्या पुढे घेतला. तिथे मोटारीचं पोट आड यायला लागलं, म्हणून पंखा फिरवून पाठमोरा बसवला. चार नव्या पट्ट्या, आठ बोल्ट, कुठे हलायला जागा नाही. जुना पट्ट्यावरचा पंखा त्यांनी काढून टाकला. "आयुष्यात पहिल्यांदा मूळ नकाशात बदल केलाय मी," ते म्हणाले. आवाजात असं काही होतं की सिस्टरांनी त्यांना जास्तीचा चहा दिला.

हॉर्नची भानगड निस्तरल्यावर चाचणी झाली. गाडी दारात उभी ठेवून इंजिन चालू. काटा चढला, सिस्टरांनी बटण दाबलं, पंखा विमानासारखा गरजला आणि काटा निमूटपणे खाली आला. गच्चीवरून मॅनेजरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मान झुकवून त्या स्वीकारल्या.

रविवारी सकाळी दोघं निघाले. गावाबाहेरचं रेल्वे फाटक बंद होतं, आणि ते एकदा लागलं की लवकर उघडायचं नाव नाही. आजूबाजूला चांगल्या चांगल्या गाड्या तापून घरघरत होत्या. सिस्टरांनी बटण दाबलं. काटा अर्ध्यावर बसला तो हलला नाही. साहेब मुद्दाम खाली उतरले आणि हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"राहू दे पंखा चालू," ते आत बसत म्हणाले. "आता बंदच करायचा नाही."

फाटक उघडलं, मोकळा रस्ता लागला, साहेबांनी गाडी सोडली. आणि काटा चढायला लागला.

"काटा?"

"पाऊण."

"कसं शक्य आहे? पंखा चालू आहे ना?"

"तुम्हाला ऐकू येत नाही का? माझे तर कान गेले."

झाडाखाली थांबले. थांबल्याबरोबर काटा उतरला. निघाले. वेग घेतला, की पुन्हा चढला. पुन्हा झाड. सगळ्या जगातल्या गाड्या गर्दीत तापतात आणि मोकळ्यावर गार होतात, हिचं आता उलट झालं होतं. साहेबांचा चेहरा गिरवलेली रेघ फिसकटल्यासारखा झाला. रस्त्याच्या कडेला झाडंही काही फार नव्हती, आणि दुपार जवळ येत होती.

तिसऱ्या खेपेला सिस्टरांचं डोकं त्या घरघराटाने इतकं उठलं की त्यांनी बटण हळूच वर केलं. पंखा थांबला. जरा वेळाने सवयीने काट्याकडे पाहिलं तर तो खाली आलेला. त्यांनी बटण खाली केलं. काटा वर. वर केलं. काटा खाली.

वॉर्डात हे त्यांनी पाहिलेलं होतं. औषध दिलं की ताप चढतो आणि बंद केलं की उतरतो, तर आजार रोग्यात नसतो. अशा वेळी डॉक्टरला "तुमचं चुकलं" म्हणायचं नसतं. त्याने डॉक्टरही चिडतो आणि औषधही चालू राहतं. प्रश्न विचारायचा. "डॉक्टर, हे दोन वेळा लिहिलंय का हो? माझा चष्मा घरी राहिला." डॉक्टर कागद बघतो, स्वतःच खोडतो, आणि स्वतःच शाबासकी घेतो. संसारही सिस्टरांनी असाच केला होता. एवढ्या वर्षांत "तुमचं चुकलं" हे दोन शब्द त्यांनी नवऱ्याला कधी म्हटले नव्हते, चष्मा मात्र हजार वेळा हरवला होता.

घाटाच्या पायथ्याशी चढ लागला. गाडीचा वेग मंदावला आणि आता पंखा बंद ठेवला तरी काटा चढे, चालू केला तर दुडक्या चालीने चढे. साहेबांनी गाडी कडेला घेतली. समोर अख्खा घाट उभा होता.

"इंजिन चालू राहू द्या," म्हणत सिस्टर उतरल्या. पुढे जाऊन त्यांनी कमरेचा रुमाल काढला आणि जाळीसमोर धरला. खरं म्हणजे पंख्याने हवा आत ओढायची, रुमाल जाळीला चिकटायला हवा. तो फडफडत उलटा त्यांच्याच तोंडावर आला. गाडी रस्त्यावरून पळताना समोरून वारं आत येऊ बघत होतं आणि आतून पंखा त्याला बाहेर ढकलत होता. बिचारं रेडिएटर मधल्यामध्ये कोंडलं होतं. सिस्टरांना त्याची दया आली, तेवढी दुसऱ्या कोणाला आली नसती.

त्या खिडकीशी आल्या. "अहो, मला एक सांगा. पंख्याचं वारं आत जायला हवं की बाहेर यायला?"

"पंखा म्हटला की वारं येतंच."

"नाही, म्हणजे हा मागे बसणारा पंखा ना? आपण तो पुढे लावला, आणि वर पाठमोरा. तर त्याला ते कळलं असेल का हो?"

साहेब समोर बघत बसले. त्यांची बोटं स्टिअरिंगवर हवेत पंखा काढत होती, आधी सरळ, मग पाठमोरा. मग थांबली. कळलं होतं त्यांना. सिस्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"उलटा फिरवायला हवा," ते बारीक आवाजात म्हणाले. "दोन तारांची अदलाबदल. मिनिटाचं काम आहे."

"मग करा की!"

"कसं करू? बॉनेट उघडावं लागेल."

सिस्टरांनी खिडकीतून मान आत घातली.

"शब्द दिलाय मी. दोनशे माणसांसमोर. माइकवर."

"माइक ताईच्या हातात होता!"

"तरी ऐकू सगळ्यांना गेलं. गाडी थंड होऊ दे. थांबत थांबत जाऊ."

"थांबत थांबत गेलो तर ताई विमानात बसलेली असेल. तिकडे काय तुमची किटली जाणार आहे?"

"शब्द म्हणजे शब्द," साहेब म्हणाले, आणि त्यांचं बोट स्टिअरिंगवर एकच रेघ पुन्हा पुन्हा गिरवू लागलं. सिस्टरांना एकदम दिसलं की हा हट्ट नाही, निदान नुसता हट्ट नाही. जन्मभर दुसऱ्याच्या रेघा गिरवल्या, स्वतःची म्हणून काढलेली ही एकच रेघ होती, तीही वाकडी निघाली. आता दिलेला शब्दही गेला तर ताईसमोर कुठलं तोंड घेऊन उभं राहायचं? दया आली त्यांना. पण बहिणीची भेट दयेवर सोडून देण्याएवढ्या त्या काही साध्वी नव्हत्या.

"तुमचं चुकलं," सिस्टर म्हणाल्या.

साहेबांनी वळून पाहिलं. असा आवाज त्यांनी घरात ऐकलेला नव्हता, वॉर्डात मात्र तो तीन खाटांपलीकडे ऐकू जात असे.

"पंखा चुकला, त्याचं मला काही नाही. पण मी इतकी वर्षं तुमच्या दोघांच्या मध्ये रेडिएटरसारखी उभी आहे, ते चुकलं. उतरा खाली."

"अगं पण बॉनेट..."

"काय म्हणाला होतात तुम्ही? 'बॉनेट न उघडता येईन मी.' तुम्ही. माझ्या वतीने तुम्ही शब्द दिलेला नाही, आणि मीही कोणाला दिलेला नाही. इंजिन बंद करा, उतरा, आणि तिकडे तोंड करून उभे राहा."

साहेबांनी थोडा विचार केला. ड्रॉइंग ऑफिसात नियमांचा कीस पाडण्यात त्यांची हयात गेली होती, आणि नियमात हे बसत होतं. ते उतरले, हात मागे बांधून डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. सिस्टरांनी डॅशबोर्डखालचा खटका ओढला आणि दोन्ही हातांनी बॉनेट वर केलं. गरम वाफारा तोंडावर आला.

"रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस!" डोंगराला सांगावं तसे साहेब ओरडले.

"उकळत्या पाण्यात सुया टाकण्यात जन्म गेला माझा. पुढचं सांगा."

"पंख्यापासून दोन तारा निघतात. एक लाल, एक निळी."

"दोन्ही काळ्या आहेत."

"नकाशात लाल-निळ्या आहेत!"

"मग नकाशाला विचारा. इथे भंगारवाल्याचं वंगण आहे."

"बोटाने पुसून बघ."

सिस्टरांनी पुसलं. अगदी आतून कुठेतरी लाल रंग दिसला. तेवढ्यात मागे एक ट्रक थांबला आणि ड्रायव्हरने मान बाहेर काढली. त्याला दिसलं ते असं, की एक पिकल्या केसांची बाई कोपरापर्यंत इंजिनात घुसली आहे, आणि तिचा धडधाकट नवरा पाठ फिरवून निवांत उभा आहे.

"काका, काही मदत हवी का?"

"नको," साहेब न वळता म्हणाले. "गाडी ठीक आहे. मी डोंगर बघतोय."

"लाज वाटते का बघा जरा," ड्रायव्हर म्हणाला आणि निघून गेला. साहेबांनी तेही ऐकून घेतलं. मान खाली घातली, पण वळले नाहीत. सिस्टरांना त्या क्षणी नवऱ्याचा फार अभिमान वाटला, आणि हसूही इतकं आलं की हातातली तार सुटली.

तारांच्या टोकांचे खटके घट्ट होते. एक निघाला, दुसरा निघेना. त्यांनी पदर खोचला, एक पाय बंपरला लावला आणि उपसला. लालच्या जागी निळी, निळीच्या जागी लाल. कपाळावरचा घाम मनगटाने पुसला, बॉनेट धाडकन खाली पाडलं.

"वळा आता. चालू करा."

साहेबांनी किल्ली फिरवली, बटण दाबलं. सिस्टरांनी रुमाल धरला. तो हातातून सुटला आणि जाळीला असा जाऊन चिकटला की सोडवायला दोन्ही हात लागले.

गाडी घाट चढायला लागली. मध्ये वळणावर तो ट्रक तोंड उघडून वाफा टाकत उभा होता. साहेबांनी तिथे एकदा हॉर्न वाजवला, फार लांब नाही, अगदी माफक. काटा अर्ध्यावर होता.

ताईच्या अंगणात सामानाच्या पेट्या रचलेल्या होत्या. दारंखिडक्यांचे पडदे उतरले होते, आणि उघड्या दारातून दिसणाऱ्या भिंतीवर कपाटाच्या जागी फिकट चौकोन उमटलेला होता. ताई पायरीवर बसली होती. फोनवरची ताई आणि ही, यांत सिस्टरांना एवढा फरक दिसला की त्या गाडीच्या दारात क्षणभर थबकल्या. ताईचं पातळ सुद्धा तिला मोठं झालं होतं.

"आई सकाळपासून चहाचं भांडं पॅक करू देत नाहीये," मुलगा पेटी बांधता बांधता म्हणाला. "कोणासाठी ठेवलंय तेही सांगत नाही."

ताई उठली, काठी टेकत गाडीकडे आली. तिने गाडीभोवती चक्कर मारली, जाळीत डोकावली, बॉनेटवर तळहात ठेवून बघितला, वर्गातल्या पोराचा ताप बघावा तसा. मग चष्म्यावरून भावोजींकडे पाहिलं.

"उघडलं?"

"मी नाही उघडलं, ताई," ट्रेसरसाहेब म्हणाले. खोटं बोलत नव्हते, त्यामुळे मान ताठ होती.

ताईची नजर हळूच धाकट्या बहिणीकडे वळली. सिस्टरांचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते, नखांत वंगण होतं, आणि कपाळावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळा पट्टा उमटला होता. सिस्टरांनी हात पाठीमागे नेले, पण मुख्याध्यापिकेसमोर हात पाठीमागे नेण्यात काय अर्थ असतो ते कोणत्याही विद्यार्थ्याने सांगावं. आता काय होणार ते त्यांना दिसू लागलं. ताई हसणार, मुलाला हाक मारणार, सगळ्या आळीला सांगणार, आणि हे आल्या पावली गाडीत जाऊन बसणार.

ताईने बराच वेळ त्या कपाळाकडे पाहिलं.

"हरले बाई मी," ती मोठ्याने म्हणाली. "ऐकलंत का भावोजी? हरले म्हणते. बसा, चहा आणते."

साहेबांनी चहा प्यायला. कप पेटीत गेले होते म्हणून ताईने तो वाटीत दिला, आणि त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरून, एकेक घोट घेत, तळाची साखर बोटाने पुसून घेतली. मग ते मुलाला गाडीपाशी घेऊन गेले आणि फ्यूजपासून समजवायला लागले.

ताईने सिस्टरांना मागच्या नळावर नेलं. साबणही पेटीत गेला होता. तिने मीठ आणि तेलाची बाटली आणली, पायरीवर बसली आणि बहिणीचे हात आपल्या मांडीवर ओढून घेतले.

ताई हरली असं सिस्टरांनी कधी बघितलं नव्हतं. लहानपणी पत्त्यांत हरायला लागली की ती पत्ते उधळून द्यायची. वडिलांशी अबोला धरला तर वडिलांनीच आधी बोलायचं. त्या ताईने एवढ्या सहज, दोन घोट पाण्यासारखं, हरले म्हणून टाकलं. तेव्हाच सिस्टरांना पहिल्यांदा खरं वाटलं की ही जाणार. पेट्या बघून वाटलं नव्हतं, भिंतीवरचा चौकोन बघून वाटलं नव्हतं.

"ताई, तू हरली नाहीस ग," त्या म्हणाल्या. "बॉनेट मी उघडलं."

"मला डोळे आहेत."

"मग कशाला म्हणालीस?"

ताई नखांच्या कडेने मीठ चोळत होती. "विमानात सामानाचं वजन ठरलेलं असतं म्हणे. मुलगा सकाळपासून एकेक वस्तू बाहेर काढतोय. एवढं मोठं भांडण मी कुठे कोंबू?"

सिस्टर हसल्या आणि त्यांना रडूही आलं. हात अडकलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात. अंगणातून साहेबांचा आवाज येत होता. पंखा पाठमोरा बसवला की तारांची अदलाबदल का करावी लागते, ते ते भाच्याला अगदी मुळापासून समजावून सांगत होते, हे आपल्याला आधीपासूनच माहीत असल्यासारखं. मुलाने घड्याळ बघून ताईला हाक मारली.

"आले," ताई म्हणाली.

हात केव्हाच स्वच्छ झाले होते. ताई चोळतच राहिली, आणि सिस्टरांनीही ते काढून घेतले नाहीत.